संगणक वर्गातील श्रेणीचे मूल्य : माध्यमिक शाळेतील प्रात्यक्षिक कामाच्या मूल्यमापनाची चिकित्सा

सारांश

माध्यमिक शाळेच्या संगणक वर्गात विद्यार्थी जे काम करतो, त्याची श्रेणी बहुधा छापून आलेल्या पानावरून किंवा प्रात्यक्षिक वहीतील नोंदीवरून ठरते. काम करताना विद्यार्थ्याने काय विचार केला, चूक कशी शोधली आणि परिस्थिती बदलल्यावर तो काय करू शकतो, हे त्या श्रेणीत उतरत नाही. परिणामी श्रेणी ज्ञानाचे माप न राहता घरातील साधनांचे आणि इंग्रजीच्या परिचयाचे माप होते. प्रस्तुत लेखात जळगाव शहरातील मेहरूण परिसर समोर ठेवून या पद्धतीची चिकित्सा केली असून, प्रचलित मूल्यमापन चौकटीत राहूनच करता येईल अशी एक सोपी रीत सुचविली आहे.

बीजशब्द : संगणक शिक्षण, श्रेणी, आकारिक मूल्यमापन, प्रात्यक्षिक, मौखिक पडताळणी

प्रस्तावना

जळगाव शहराचा भाग झालेले मेहरूण हे तलावासाठी आणि बोरांसाठी परिचित आहे. बोराच्या जातींच्या यादीत ‘मेहरूण’ हे नाव स्वतंत्रपणे घेतले जाते. जुने गावठाण, शहराच्या वाढीबरोबर आलेल्या नव्या वसाहती आणि जवळची औद्योगिक वसाहत यांमुळे येथील शाळांच्या पटावर नोकरदार, शेतकरी, कारागीर आणि रोजंदारीवर जाणारे अशा निरनिराळ्या कुटुंबांतील मुले असतात. घरात मराठी, अहिराणी, लेवा बोली किंवा उर्दू बोलणारी ही मुले शाळेच्या संगणक कक्षात मात्र एकाच इंग्रजी पडद्यासमोर बसतात. सत्राच्या शेवटी त्या सर्वांना श्रेणी मिळते. ही श्रेणी नेमके काय सांगते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ शाळेचा नाही. अकरावीला माहिती तंत्रज्ञान हा ऐच्छिक विषय घेणारा किंवा पुढे पदवीच्या प्रथम वर्षात संगणकशास्त्राकडे येणारा विद्यार्थी हाच असतो. शाळेच्या प्रगतिपत्रकावर ‘अ’ श्रेणी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला स्वतः सूत्र लिहिता येत नाही, हा अनुभव महाविद्यालयीन प्राध्यापकांना नवा नाही. असा विद्यार्थी आळशी असतो असे समजणे सोपे आहे. परंतु त्याला दिलेली श्रेणीच चुकीच्या गोष्टीला दिली गेली असण्याची शक्यता अधिक आहे.

श्रेणी पद्धतीची पार्श्वभूमी

भारतात शालेय संगणक शिक्षणाचा सरकारी आरंभ १९८४ साली ‘क्लास’ या प्रकल्पाने झाला. त्या वेळी निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले होते. पुढे डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने शाळांतील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना सुरू केली आणि २०१० मध्ये तिची फेररचना केली. महाराष्ट्रात या योजनेची अंमलबजावणी ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर कंपन्यांमार्फत झाली. कराराच्या मुदतीत यंत्रे आणि संगणक शिक्षक कंपनीने पुरवायचे व मुदतीनंतर यंत्रे शाळेकडे द्यायची, अशी ही व्यवस्था होती. तिचा मूल्यमापनावर झालेला परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. मुलांना प्रत्यक्ष शिकविणारी व्यक्ती कराराची आणि प्रगतिपत्रकावर सही करणारी व्यक्ती शाळेची, असे दोन भाग त्यामुळे पडले. ज्याने काम पाहिले त्याच्याकडे श्रेणीचा अधिकार नाही आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने काम पाहिलेले नाही, अशी स्थिती ज्या व्यवस्थेत संभवते, तेथे छापील पान हाच एकमेव पुरावा उरतो.

दुसरीकडे मूल्यमापनाची चौकटही याच काळात बदलली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये बालकाला झालेले आकलन आणि ते ज्ञान वापरण्याची त्याची क्षमता यांचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन अपेक्षिले आहे. त्याच वर्षी राज्याने पहिली ते आठवीसाठी आकारिक व संकलित मूल्यमापनाची पद्धत स्वीकारली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक अथवा प्रयोग, उपक्रम अथवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अथवा वर्गकार्य आणि इतर अशी आकारिक मूल्यमापनाची आठ साधने सांगितली गेली. ९१ ते १०० गुणांना ‘अ-१’, ८१ ते ९० गुणांना ‘अ-२’ येथपासून २० व त्याखालील गुणांना ‘इ-२’ येथपर्यंत नऊ श्रेणी ठरल्या आणि श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंद लिहिण्याची सूचना आली.

माध्यमिक शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग एकाच इमारतीत भरतात. आठवीपर्यंत ही चौकट आणि नववी-दहावीला राज्य मंडळाची चौकट, अशा दोन पद्धती तेथे शेजारी शेजारी चालतात. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान हा विषय मंडळाच्या पूर्वीच्या आराखड्यात नववी-दहावीला श्रेणी विषय म्हणून होता. २०१७ मध्ये आलेल्या नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान या पाठ्यपुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानावर एक स्वतंत्र पाठ, दहावा, आहे. म्हणजे लेखी परीक्षेचा संबंध आला तो विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतून. संगणकावर बसून केलेल्या कामाची तपासणी मात्र शाळेच्या अंतर्गत व्यवस्थेवरच राहिली. ती कार्यानुभवाच्या नावाने होवो वा शाळेने स्वतः चालविलेल्या विषयाच्या नावाने, तिच्यावर बाहेरची नजर नाही आणि तिच्यासाठी लिखित निकषही बहुधा नसतात.

छापील पान काय लपविते

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी आठवीच्या वर्गातील एक नेहमीचा स्वाध्याय घेऊ. मेहरूणच्या बोरांचा पाच दिवसांचा हिशेब तक्त्यात मांडा व एकूण वजन काढा, असे विद्यार्थ्यांना सांगितले आहे असे समजा. पाच दिवसांची वजने अनुक्रमे ४०, ३५, ५०, ४५ आणि ३० किलो आहेत. एक विद्यार्थिनी शेवटच्या चौकटीत बेरजेचे सूत्र लिहिते. दुसरा विद्यार्थी वहीच्या मागच्या पानावर बेरीज करतो आणि शेवटच्या चौकटीत २०० हा आकडा टंकित करतो. वर तक्त्याला रंगीत रेघा देतो, शीर्षक ठळक करतो. दोघांची पाने छापली जातात. दोन्ही पानांवर उत्तर २०० आहे. रंगीत पान अधिक नेटके दिसते. पानावरून तपासणाऱ्या शिक्षकाने दुसऱ्या विद्यार्थ्याला वरची श्रेणी दिली, तर त्यात त्याचा पक्षपात नाही. त्याच्यासमोरचा पुरावाच तसा आहे.

आता दुसऱ्या दिवसाचे वजन ३५ नसून ५३ होते, असे सांगून दोघांना पुन्हा यंत्रासमोर बसविले, तर विद्यार्थिनीच्या तक्त्यात एकूण आपोआप २१८ होईल. दुसऱ्याच्या तक्त्यात ते २०० च राहील. तक्ता हे साधन ज्यासाठी आहे ते एकीला समजले आहे, दुसऱ्याने त्याचा उपयोग केवळ टंकलेखन यंत्रासारखा केला आहे. दोघांतील सगळा फरक या एका बदलात आहे आणि छापील पान नेमका तोच फरक लपविते.

प्रात्यक्षिक वहीची स्थिती याहून वेगळी नाही. ‘प्रथम अमुक यादी उघडावी, नंतर तमुक पर्याय निवडावा’ अशा पायऱ्या फळ्यावरून उतरवून घेतलेल्या वहीला नियमितपणा आणि सुवाच्य अक्षर यांचे गुण मिळतात. या गोष्टी चांगल्याच आहेत, परंतु त्यांचा संबंध संगणकाच्या आकलनाशी नाही. बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांच्या वर्गीकरणात स्मरण ही पहिली पायरी आहे आणि उपयोजन, विश्लेषण या पुढच्या पायऱ्या आहेत. वही तपासून दिलेली श्रेणी पहिल्याच पायरीवर थांबते; प्रगतिपत्रकात मात्र तिचा उल्लेख ‘प्रात्यक्षिक’ असा होतो.

यंत्र कोणाच्या हाती

संगणक कक्षात यंत्रे थोडी आणि मुले अधिक ही परिस्थिती सर्वपरिचित आहे. एका यंत्रासमोर दोन किंवा तीन मुले बसतात. त्यांतील एकाच्या हाती माउस असतो, दुसरा कळफलकाकडे पाहतो आणि तिसरा मान उंच करून पडदा पाहण्याचा प्रयत्न करतो. तासिकेच्या शेवटी तिघांच्या नावाने एकच काम जतन होते आणि तिघांना सारखी श्रेणी मिळते. माउस कोणाच्या हाती असतो, हेही योगायोगाने ठरत नाही. ज्याच्या घरी संगणक आहे त्याला आत्मविश्वास असतो आणि आत्मविश्वास असणारा पुढे बसतो. जो विद्यार्थी केवळ शाळेतच यंत्र पाहतो तो मागे राहतो. मुले-मुली एकत्र बसविल्यास मुलींच्या वाट्याला पाहणे अधिक येण्याचा धोकाही याच ठिकाणी असतो.

घरी करून आणायच्या प्रकल्पात ही विषमता अधिक वाढते. ज्याच्या घरी यंत्र आणि छपाईची सोय आहे, किंवा मोठा भाऊ अभियांत्रिकीला आहे, त्याचा प्रकल्प गुळगुळीत कागदावर येतो. ज्याच्या घरी काहीच नाही तो चौकातील दुकानात पैसे देऊन प्रकल्प करून घेतो किंवा हाताने लिहून आणतो. अशा वेळी श्रेणी विद्यार्थ्याला दिली जाते असे म्हणणे कठीण आहे. ती कुटुंबाच्या साधनांना दिली जाते. अधिनियमाने ज्ञान वापरण्याची ‘बालकाची’ क्षमता मोजण्यास सांगितले आहे, कुटुंबाची नव्हे.

या प्रश्नाला आता आणखी एक बाजू जोडली गेली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून मागेल तो कार्यक्रम, निबंध किंवा सादरीकरण लिहून देणारे सहायक मोबाइलवरच मिळू लागले. पूर्वी छापील पान कमकुवत पुरावा होते. आता ते जवळजवळ पुरावाच राहिलेले नाही. तंत्रज्ञानावर बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही, कारण दोष मुळात तंत्रज्ञानाचा नसून केवळ अंतिम फलित तपासण्याच्या सवयीचा आहे.

भाषेचा अदृश्य गुणभार

मराठी व उर्दू माध्यमाच्या शाळांत संगणकाच्या श्रेणीत आणखी एक घटक नकळत शिरतो, तो म्हणजे इंग्रजी. पडद्यावरील सूचना इंग्रजीत येतात, चुकीचा संदेश इंग्रजीत येतो, आज्ञावलीतील शब्द इंग्रजी असतात. आज्ञेचे स्पेलिंग एका अक्षराने चुकले तर यंत्र काम करीत नाही, हे खरे. परंतु तर्क बरोबर असून स्पेलिंग चुकलेला विद्यार्थी आणि तर्कच न समजलेला विद्यार्थी यांना ‘काम झाले नाही’ या एकाच नोंदीत टाकणे अन्यायाचे आहे. पहिल्याला शब्दांची यादी समोर ठेवल्यास तो पाच मिनिटांत काम पूर्ण करील. दुसऱ्याला पुन्हा शिकवावे लागेल. दोघांना एकच श्रेणी दिल्याने शिक्षकाला पुढे काय करायचे हे कळत नाही.

टंकलेखनाबाबतही हेच घडते. देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये स्वीकारला गेला. तरीही निरनिराळ्या फाँटांचे निरनिराळे कळफलक, रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय आणि मोबाइलवरील वेगळी रीत यांमुळे विद्यार्थ्याच्या बोटांना एक सवय लागत नाही. उर्दू माध्यमातील विद्यार्थ्याला तर उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी आणि डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या आज्ञा एकाच तासिकेत सांभाळाव्या लागतात. अशा वर्गात एका उताऱ्याच्या टंकलेखनाच्या वेगावर श्रेणी ठरवली, तर ती संगणकाच्या ज्ञानाची श्रेणी राहत नाही.

तोंडी परीक्षेतही प्रमाण मराठीचा किंवा पाठ केलेल्या इंग्रजी व्याख्येचा आग्रह धरला जातो. अहिराणीत किंवा लेवा बोलीत विचार करणाऱ्या मुलाने आपल्या बोलीत सूत्राचे कार्य अचूक सांगितले, तर ते आकलन पूर्ण मानले पाहिजे. व्याख्या पाठ म्हणणाऱ्या मुलाला मिळणारे गुण आणि कार्य सांगणाऱ्या मुलाला मिळणारे गुण यांची तुलना प्रत्येक शाळेने एकदा करून पाहावी.

इतरत्रचे अनुभव

संगणकावरील कामाची तपासणी हा प्रश्न संगणक शिक्षणाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट या संस्थेतील जॅक हॉलिंग्जवर्थ यांनी १९६० मध्येच विद्यार्थ्यांचे कार्यक्रम यंत्राकडून तपासून घेण्याच्या पद्धतीविषयी लिहिले होते. त्या काळी कार्यक्रम छिद्रपत्रांवर असत. यंत्राची तपासणी निःपक्षपाती आणि जलद असते, परंतु ती एकच गोष्ट पाहते : दिलेल्या माहितीवर अपेक्षित उत्तर आले की नाही. मार्ग तिच्या नजरेत येत नाही. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाला राज्य मंडळाने ८० गुणांची ऑनलाइन परीक्षा ठेवली आहे आणि तिच्या जोडीला २० गुणांचे प्रात्यक्षिक ठेवले आहे. यंत्राला जे दिसत नाही ते पाहण्याची जबाबदारी त्या २० गुणांवर येते, आणि ते गुण पुन्हा वही व छापील पान पाहूनच दिले गेले तर मार्ग कोणीच पाहत नाही.

इंग्लंडमधील अनुभव अधिक बोलका आहे. तेथील जीसीएसई परीक्षेत संगणकशास्त्रासाठी शाळेत सुमारे २० तासांत करावयाच्या कार्यक्रम-प्रकल्पाला एकूण गुणांच्या २० टक्के भार होता. या प्रकल्पांची उत्तरे आंतरजालावर उपलब्ध होऊ लागल्याचे आढळले. तेव्हा ऑफक्वॉल या नियामक संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये असा निर्णय जाहीर केला की २०१८ व २०१९ च्या परीक्षांत प्रकल्पाचे गुण अंतिम श्रेणीत धरले जाणार नाहीत. प्रकल्प मात्र विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. साधनसंपन्न देशातही अंतिम फाइलीवर विसंबलेली श्रेणी टिकली नाही. मात्र तेथील उपायही सदोष होता. गैरप्रकार थांबविण्यासाठी प्रत्यक्ष कामच श्रेणीतून वगळले गेले आणि लेखी परीक्षा उरली. पोहण्याची परीक्षा कागदावर घेण्यासारखेच हे आहे.

श्रेणीच्या परिणामाविषयी रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला इस्रायलमधील अभ्यास येथे उपयुक्त ठरतो. ज्या विद्यार्थ्यांना केवळ अभिप्राय दिले गेले त्यांच्या कामात सुधारणा दिसली. ज्यांना गुण आणि अभिप्राय दोन्ही दिले गेले त्यांना अभिप्रायाचा तसा लाभ झाला नाही. गुण दिसताच अभिप्राय वाचला जात नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्याकडील वर्णनात्मक नोंदींची अडचण याहून आधीची आहे. ‘संगणक हाताळतो’, ‘आवडीने काम करतो’ अशा ठरावीक वाक्यांच्या तयार याद्यांतून नोंदी उतरविल्या जातात. अशा नोंदीत वाचण्यासारखे काही नसते, म्हणून ती वाचली जात नाही.

अंतर्गत गुणांवरील विश्वासाचा प्रश्न

अंतर्गत मूल्यमापन अविश्वासार्ह असते, म्हणून ते कमी करावे, असे एक मत आहे. दहावीच्या निकालांकडे बोट दाखवून ते मांडले जाते. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल मार्च २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत २० गुण काढून घेतले गेले आणि निकाल ७७.१० टक्के लागला. २०२० मध्ये ते गुण पुन्हा आले आणि निकाल ९५.३० टक्के झाला. २०२१ मध्ये महामारीमुळे परीक्षाच रद्द झाली. नववीचा निकाल आणि दहावीचे अंतर्गत काम यांवरून निकाल लावण्यात आला व तो ९९.९५ टक्के लागला.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. २०१९ ही नव्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा होती, तेव्हा सगळी घट अंतर्गत गुण नसल्यामुळेच झाली असे म्हणता येत नाही. तरीही शाळेच्या हातातील गुण जवळजवळ सर्वांना जवळजवळ सारखेच मिळतात, हे यातून सूचित होते. संगणकाची श्रेणी तर पूर्णपणे शाळेच्या हातात असते आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेशी तिचा संबंध नसतो. सर्वांना ‘अ’ देण्यात कोणाचे नुकसान नाही, असे शिक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे. नुकसान होते ते विषयाचे. ज्या विषयात सर्वांना ‘अ’ मिळते त्याची तासिका परीक्षा जवळ आल्यावर गणिताला दिली जाते, कक्षाला कुलूप लागते आणि नादुरुस्त यंत्रांबद्दल कोणी तक्रार करीत नाही. घरी यंत्र असलेल्या मुलाचे यात काही बिघडत नाही. शाळेखेरीज ज्याला दुसरी जागा नाही, तेच मूल वंचित राहते. उदारपणे वाटलेली श्रेणी अशा रीतीने सर्वांत दुर्बल विद्यार्थ्याच्या विरोधात जाते.

चौकटीत राहून करता येण्याजोगी रीत

यावर उपाय म्हणून नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. आठ साधनांपैकी तोंडी काम, प्रात्यक्षिक आणि दैनंदिन निरीक्षण ही तीन साधने एकत्र आणली तरी पुरे. एका स्वाध्यायाचे २० गुण पुढीलप्रमाणे विभागता येतील. कामाचा आराखडा यंत्रासमोर बसण्यापूर्वी कागदावर आपल्या भाषेत लिहिणे, यास ४ गुण. शाळेच्याच यंत्रावर काम चालते करणे, यास ६ गुण. शिक्षकाने जागेवर सांगितलेला एक लहान बदल करून दाखविणे, यास ६ गुण. काम करताना झालेली एक चूक आणि ती कशी दुरुस्त केली हे दोन-तीन वाक्यांत सांगणे, यास ४ गुण. सजावट, रंग आणि छपाई यांना गुण नाहीत. हे निकष स्वाध्याय देतानाच फळ्यावर लिहावेत, म्हणजे विद्यार्थ्याला कशासाठी झटायचे ते आधीच कळेल.

वरच्या उदाहरणातील रंगीत तक्ता करणाऱ्या विद्यार्थ्याला आराखड्याचे ३, कामाचे ५, बदलाचा १ आणि चुकीच्या निवेदनाचा १ असे १० गुण मिळतील, म्हणजे ५० टक्के व ‘क-२’ श्रेणी. साधा तक्ता करणाऱ्या विद्यार्थिनीला ३, ४, ५ आणि ४ असे १६ गुण मिळतील, म्हणजे ८० टक्के व ‘ब-१’ श्रेणी. छापील पानाने उलट क्रम लावला असता. शिवाय आता दोघांपैकी कोणाला काय शिकवायचे हे शिक्षकाला त्याच कागदावर दिसते, आणि वर्णनात्मक नोंद तयार यादीतून उचलण्याची आवश्यकता राहत नाही : ‘आराखडा नीट मांडतो; सूत्राऐवजी आकडा भरतो; बदलाचा सराव हवा’.

चुकीला गुण देणे हे काहींना विचित्र वाटेल. सीमोर पॅपर्ट यांनी १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात मुलांच्या संगणक-शिक्षणाचा विचार करताना चूक शोधून दुरुस्त करण्याला मध्यवर्ती स्थान दिले होते. पहिल्या प्रयत्नात कोणाचाच कार्यक्रम बिनचूक चालत नाही. म्हणून ‘बरोबर की चूक’ यापेक्षा ‘दुरुस्त कसे करावे’ हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. खोडरबराने चूक पुसून स्वच्छ वही दाखविण्याची सवय लागलेल्या मुलाला ही दृष्टी संगणक वर्गातच सर्वांत सहज देता येते. ज्याने काम स्वतः केलेले नाही त्याला आपली चूक मात्र सांगता येत नाही, हा याचा आणखी एक लाभ.

यावर वेळेचा आक्षेप निश्चित येईल आणि तो रास्त आहे. वर्गात ६० विद्यार्थी आणि प्रत्येकाच्या तोंडी पडताळणीस ४ मिनिटे धरली, तर २४० मिनिटे, म्हणजे ३५ मिनिटांच्या सुमारे सात तासिका लागतील. सलग सात तासिका देणे शक्य नाही. परंतु आठवड्याला पाच विद्यार्थी याप्रमाणे २० मिनिटे दिली, तर १२ आठवड्यांत, म्हणजे एका सत्रात, संपूर्ण वर्ग होतो. उरलेले विद्यार्थी त्या वेळी आपले काम करीत असतात. एका यंत्रावर तिघे बसत असतील तर बदल करण्याची पाळी आलेल्याच्या हाती माउस द्यावा आणि इतरांनी बोलू नये, एवढाच नियम पुरेसा आहे. चार मिनिटांत फसवणूक पूर्ण टळेल असा दावा नाही. पण ज्या मुलाने वर्षभर माउस धरलेला नाही, त्याच्या हाती तो सत्रातून एकदा तरी निश्चितपणे येईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना असून त्यात शिक्षकाबरोबरच विद्यार्थ्याने स्वतःचे व सहाध्यायांचे केलेले मूल्यमापनही अभिप्रेत आहे. माध्यमिक टप्प्याच्या आधीपासून कोडिंगचा परिचय करून देण्याचा विचारही त्या धोरणात आहे. निकष स्पष्ट नसताना ही पत्रके आली, तर रकाने वाढतील आणि ठरावीक वाक्ये त्यांत अधिक संख्येने भरली जातील. निकष आधी, पत्रक नंतर, हा क्रम राखणे म्हणून अगत्याचे आहे.

समारोप

संगणक वर्गातील श्रेणीविषयीची ही चिकित्सा शाळेच्या शिक्षकांवरील टीका म्हणून वाचली जाऊ नये. अपुरी यंत्रे, बदलत्या योजना आणि अन्य कामांचा बोजा यांत तो शिक्षक काम करीत असतो. महाविद्यालयाची स्थितीही फार निराळी नाही. प्रयोगवहीत मागील वर्षीचा कार्यक्रम उतरवून, त्याखाली छापील उत्तर चिकटवून, सही घेऊन अंतर्गत गुण मिळविण्याची पद्धत पदवी वर्गातही रूढ आहे. शाळेतून आलेला विद्यार्थी येथे तीच सवय पुढे चालवितो आणि महाविद्यालय ती मोडण्याऐवजी तिला प्रमाणपत्र देते. त्यामुळे सुधारणेचा आरंभ वरून होणे अधिक न्याय्य ठरेल. महाविद्यालयीन प्रात्यक्षिक परीक्षेत वहीचे गुण कमी करून ‘एक बदल करून दाखवा’ या प्रश्नाला गुण दिले, तर अकरावी-बारावीला आणि पुढे माध्यमिक शाळेला त्याची दखल घ्यावी लागेल.

मेहरूणसारख्या परिसरातील ज्या मुलीच्या घरी संगणक नाही, तिच्या दृष्टीने हा तांत्रिक वाद नाही. आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या तासिकेत तिने सूत्र समजून घेतले असेल, तर ते कोणाच्या तरी लक्षात आले पाहिजे आणि तिच्या प्रगतिपत्रकावर लिहिले गेले पाहिजे. पुढे हा विषय घेण्याचे धैर्य तिला त्या नोंदीतूनच मिळणार आहे. रंगीत पानाच्या ढिगात तिचे साधे पान खाली गेले, तर हा विषय आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष ती काढील, आणि तो निष्कर्ष चुकीचा आहे हे सांगणारे कोणतेही कागदपत्र शाळेकडे असणार नाही.